ओट्याचं माप

"काकी, चप्पल काढा आणि सरळ उभ्या राहा. भाकऱ्या थापताना राहता ना, तशा," नेत्रा म्हणाली.

"भाकऱ्या थापताना मी सरळ उभी राहिलेच कधी?" रझिया चप्पल सरकवत म्हणाली. "नमाजात वाकले नसेन तेवढी ह्या ओट्यापुढे वाकलेय. चोवीस वर्षं झाली. विचार माझ्या कमरेला."

नेत्रा हसली आणि तिने टेपचं टोक फरशीला टेकवलं. रझियाने हात कोपरात वाकवला. जमिनीपासून कोपर एक्केचाळीस इंच. मग नेत्राने जुन्या ओट्याला टेप लावली. तीस. तिने ते दोनदा मोजलं आणि मान हलवली.

"अहो काकी, तुमचा ओटा हवा साडेछत्तीस. कोपराच्या चार-साडेचार इंच खाली. ह्याच्यावर तुम्ही जेवण केलंतच कसं?"

केलं, दुसरं काय करणार! रत्नागिरीच्या राजिवड्यातलं हे घर तिच्या नवऱ्याने, हुसेनने, दोह्यातल्या नोकरीच्या पहिल्या कमाईतून बांधलं, लग्नाच्या आदल्या वर्षी. ओटा घातला तो त्याच्या आईच्या मापाचा, आणि आई होती बुटकी. यायच्या सुनेचं माप कोण घ्यायला जातंय? रझिया आली ती साडेपाच फुटांच्या वर दीड इंच. सासू पहिल्याच दिवशी म्हणाली, "घरात सून आणलीय की माड?" सगळे हसले, रझियाही हसली. सासू वाईट नव्हती. पण ती जाऊन नऊ वर्षं झाली, लेक महरीन लग्न होऊन पनवेलला गेली, घरात रझिया एकटी उरली, आणि ओटा तिथेच तसाच. हाडांच्या डॉक्टरने फोटो काढून मणके दाखवले आणि म्हणाला, वाकू नका. त्याला सांगायला काय जातंय.

हुसेन दर रजेत म्हणायचा, पुढच्या रजेत करू. यंदा मात्र त्याने आपणहून फोन केला. "रझिया, किचन सगळं नवीन करायचं. ट्रॉल्या, ग्रॅनाइट, सगळं. आणि ओटा ह्या वेळी तुझ्या मापाचा. शब्द देतो तुला." फोन ठेवल्यावर रझिया सिंकपाशी उभी राहून रडली होती. तिला ट्रॉल्यांचं एवढं नव्हतं. ह्या घरातली एक तरी वस्तू आपल्या अंगावरून मोजून केलेली असावी, एवढंच तिला हवं होतं.

आता माप म्हणजे रझियाचा प्रांत. उद्यमनगरला दुपारी दोन ते पाच ती बायकांचे शिवणक्लास घेते. रस्त्याने जाणाऱ्या बाईकडे बघून खांदा किती, बाही किती, हे ती अर्ध्या इंचाच्या फरकाने सांगते आणि क्लासातल्या पोरी त्यावर पैजा लावतात. त्यामुळे नेत्रा वहीत आकडे लिहीत होती तेव्हा रझिया तिच्या खांद्यावरून प्रत्येक आकडा तपासत होती. नेत्रा म्हणजे मिरकरवाड्यातल्या हिराची मुलगी. हिराच्या पाटीतली कोलंबी रझियाने वीस वर्षं घेतली. पोरगी पुण्याला इंटिरियर शिकून आली आणि आता मारुती मंदिराजवळ तिचं छोटं ऑफिस आहे.

दोघींनी मिळून सगळं ठरवलं. सिंक खिडकीखाली, म्हणजे भांडी घासताना भाट्याची खाडी दिसेल. ट्रॉल्या स्टीलच्या, खाऱ्या हवेत प्लायवूड दोन वर्षंही टिकत नाही. गॅस उजवीकडे, मिक्सरचा पॉईंट त्याच्या शेजारी. रोजचे डबे पाच फुटांच्या आत. निघताना नेत्रा म्हणाली, "पाच दिवसांत ड्रॉइंग आणते."

पाचव्या दिवशी आणलंही. रझियाने चष्मा लावला आणि सवयीने आधी आकडा पाहिला. ओटा साडेसत्तावीस.

"अगो, माझं माप घेतलंस की कुण्या शाळकरी पोरीचं? हा तर जुन्यापेक्षाही खाली गेला!"

नेत्रा गोंधळली. "काकी, तुम्हीच बदललंत ना? काकांचा मेसेज आला. रझियाने पुन्हा मोजलंय, आता हे धर, म्हणाले." तिने मोबाईल पुढे केला.

हुसेनने लिहिलं होतं: ओटा साडेसत्तावीस. गॅस डावीकडे. मिठाची बरणी डाव्या हाताला. रोजचे डबे सात फुटांवर, हात सहज पोचतो. खिडकीखालचा कोपरा मोकळा ठेवणे, सिंक तिथे नको.

रझियाने ते दोनदा वाचलं. मग तिने नेत्राच्या समोरच दोह्याला फोन लावला.

"तुम्ही काय कळवलंत नेत्राला?"

"तू सांगितलंस तेच," हुसेन म्हणाला.

"मी?"

"काल दुपारी नाही का, ओट्याशी उभी होतीस. हात वाकवून दाखवलास मला, एवढा हवा म्हणून."

"काल दुपारी मी क्लासला होते. रोजच असते."

पलीकडे ऑफिसातल्या एसीची घरघर ऐकू येत होती.

"असेल," तो म्हणाला. "माझीच काही गल्लत झाली असेल. तुला हवं ते कर."

रझियाला हे खटकलं. हा माणूस भाजीच्या जुडीवरूनसुद्धा वाद घालणारा. पण दोन रात्रपाळ्या करून दमला असेल, अशी तिने मनाची समजूत घातली. नेत्राला म्हणाली, "मी दिलेलं माप घाल. काकांचं मी बघते."

हुसेन घर कॅमेऱ्यातून पाहायचा. गेल्या रजेत त्याने किचनच्या कोपऱ्यात, छताला, तो पांढरा गोळा लावला होता. आपण हललो की तो मान वळवून आपल्यामागे येतो, आणि तिकडून माणूस बोलला की आवाज इथे ऐकू येतो. "जेवण करताना दिसशील तरी," हुसेन म्हणाला होता. रझियाला तेव्हा लाज वाटली आणि आनंदही झाला. पहिला महिनाभर ती मासे साफ करायलासुद्धा इस्त्रीची ओढणी घ्यायची. पण तो सकाळी क्वचित बोलायचा, संध्याकाळी तर नाहीच. हळूहळू तिने इस्त्री सोडली.

त्या आठवड्यात तिला एक-दोन गोष्टी जाणवल्या. संध्याकाळी क्लासहून आलं की मिठाची बरणी गॅसच्या डावीकडे असायची. रझिया उजव्या हाताची, तिची बरणी कायम उजवीकडे. घाईत आपणच ठेवली असेल म्हणून ती उचलून जागेवर ठेवायची. मग वास. कैरीचं देठ मोडल्यावर चीक येतो ना, तसला तुरट, नाकात चढणारा वास खिडकीखालच्या कोपऱ्यात यायचा. नोव्हेंबरात कैरी कुठली? पावस गावच्या आंब्याच्या बागांतसुद्धा अजून मोहोर नव्हता. शेजारणीने फिनाईल बदललं असेल, रझिया स्वतःशीच म्हणाली. त्या कोपऱ्यातली फरशी पायाला कोमट लागायची. तिथे ऊन येत नाही. रझियाने अनवाणी पाऊल तिथे ठेवलं, शेजारच्या फरशीवर ठेवलं, पुन्हा तिथे ठेवलं. मग तिने चप्पल घातली आणि कांदे चिरायला घेतले.

दुसरं ड्रॉइंग आलं. ओटा साडेसत्तावीस.

ह्या वेळी नेत्रा रडवेली झाली. "काकी, मी साडेछत्तीस घातलं होतं, शपथ. काल तीन वाजता काकांचा स्वतःचा फोन आला. म्हणाले, तेच माप ठेव. आणि काकीला सांगू नकोस, सरप्राइज आहे."

सरप्राइज! रझिया खुर्चीत बसली. नेत्राला तिने चहा दिला, खारी दिली, पाठवून दिलं. मग एकटीच त्या कागदाकडे बघत राहिली.

तिच्या मनात आधी आलं ते कुणाही बाईच्या मनात येईल तेच. हुसेनने दुसरी केली. दोह्यात कुणी ठेवलीय आणि आता तिला इथे आणून बसवणार, माझ्याच किचनमध्ये, तिच्या मापाच्या ओट्यापुढे. या अल्ला, आणि मला म्हणतो तुला हवं ते कर! तिचे कान तापले. सासूचा विचारही येऊन गेला, तो तिने तिथेच झटकला. सासूचे सगळे कपडे तिने स्वतः शिवलेले. सासूचं कोपर साडेचौतीसवर होतं, उजव्या हाताची होती, आणि सात फुटांवरचा डबा काढायला ती जन्मभर दुसऱ्याला हाक मारत आली. हे माप तिचं नव्हतं.

मग कुणाचं? रझियाने कपाटातून खाकी कागद काढला, टेबलावर पसरला आणि खडू घेतला. माप दिलंय ना, तर बाई काढता येते. ती रोज हेच करते. ओटा साडेसत्तावीस, म्हणजे कोपर बत्तीसवर. हात सहज पोचतो चौऱ्याऐंशीवर. मधला हिशेब तिने दोन प्रकारांनी केला, कारण पहिला पटेना. खांदा आला साधारण सत्तेचाळीसवर. म्हणजे उंची पावणेपाच फूट, बुटकी बाई. इथवर ठीक.

पंजा वगळून बाही आली अठ्ठावीस इंच.

रझियाची स्वतःची बाही तेवीस, आणि तिच्याएवढी उंच बाई मोहल्ल्यात दुसरी नाही. पावणेपाच फुटांच्या बाईची एकोणीस, फार तर वीस. तिने पुन्हा मोजलं. पुन्हा अठ्ठावीस. तिने तो आकार कागदावर काढला, सवयीने, बगलेचा गोल काढला, मनगटाची रेघ मारली, आणि बाही टेबलावरून खाली लोंबायला लागली तेव्हा तिने खडू ठेवला. तीस वर्षांत असं अंग तिने बघितलं नव्हतं. कागदाची घडी करून तिने ती कपाटाच्या तळाशी टाकली.

"हुसेनने काहीतरी चुकीचे आकडे दिलेत," ती मोठ्याने म्हणाली. घरात ऐकायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती रोजच्यासारखी दोनला निघाली. कॅमेऱ्याखालून मुद्दाम पिशवी हलवत गेली. उद्यमनगरला पोरींना म्हणाली, आज डोकं दुखतंय, घरी काज-बटणं करा. रिक्षा तिने गल्लीच्या तोंडाशी सोडली. पावणेतीनला ती मागच्या दारी होती, चपला हातात घेऊन. चोरासारखं आपल्याच घरात शिरायची वेळ आली म्हणून ती स्वतःवरच चिडली.

मागच्या पडवीतून किचनच्या दारापर्यंत सात पावलं. चौथ्या पावलाला तिला हुसेनचा आवाज ऐकू आला. तो कॅमेऱ्यातून येत होता, थोडा खरखरत.

"नाही, नाही, जुना तोडणारच. तुला तो उंच पडतो, माहितीये मला."

मग शांतता. नळ ठिबकत होता. बाहेर खाडीत कुणीतरी होडीचं इंजिन चालू केलं आणि बंद केलं.

"खिडकीखालचं? कोण नाही हात लावणार. सांगून ठेवलंय मी."

पुन्हा शांतता, आधीपेक्षा लांब. समोरचं माणूस काहीतरी सविस्तर सांगत असावं आणि ऐकणारा मान डोलावत असावा, तेवढी. मग हुसेन हसला. ते हसू रझियाच्या ओळखीचं होतं. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं तो तसा हसायचा, ती काही वात्रट बोलली की, हलक्या आवाजात. पुढे कधी थांबला ते तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"आणि रझियाचं काय घेऊन बसलीस?" तो म्हणाला. "तिला सवय आहे वाकायची. वाकेल अजून थोडी."

रझियाला भीती वाटली नाही. भीती मागाहून आली. आधी आला तो राग, आणि त्याच्या खाली एक मोठा, लाजिरवाणा सल. चोवीस वर्षांची कंबर ह्या माणसाने एका वाक्यात उडवून लावली होती! आणि तीही हसत. तिने चौकटीचा आधार घेतला आणि आत पाहिलं.

आत कुणीच नव्हतं.

ओटा पुसलेला. भांडी पालथी. खिडकीतून दुपारचा उजेड सरळ फरशीवर पडलेला. आणि कोपऱ्यातला तो पांढरा गोळा हळूहळू वळत होता. सिंकपासून गॅसकडे. गॅसपाशी थांबला. मग गॅसपासून खिडकीकडे, जरा खाली, आणि तिथे स्थिर झाला.

रझिया एक पाऊल आत आली. गोळा हलला नाही. दुसरं पाऊल टाकलं, हात हलवला. त्याने तिच्याकडे मान वळवली नाही. कैरीच्या चिकाचा वास एवढा दाटला होता की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"कुणाशी बोलताय?" ती म्हणाली.

कॅमेऱ्यात खट्ट झालं. मग गोळा वळला, अगदी सावकाश, तिच्यापर्यंत आला.

"रझिया?" हुसेनचा आवाज बदलला होता. रोजचा झाला होता. "आज लवकर?"

संध्याकाळी तिने फोन केला. तिने ओरडायचं ठरवलं होतं, पण विचारलं ते हळूच.

"एकदाच खरं सांगा. कोण आहे ती?"

"कोण कोण?"

"मी ऐकलंय सगळं. माझ्या वाकण्याचंसुद्धा."

हुसेनने सुस्कारा टाकला. तो नाही म्हणेल, वेड लागलंय तुला म्हणेल, म्हणून रझिया वाट बघत होती. तिला ते हवं होतं. वेड लागलंय म्हटलं असतं तरी तिने ऐकून घेतलं असतं.

"तिचं काही मागणं नाही गो," तो म्हणाला. "एवढ्या वर्षांत तिने काही मागितलं नाही. फक्त ओटा तेवढा."

"एवढ्या वर्षांत?"

"दिवसभर घरात एकटं राहायचं, सोपं असतं काय?"

"आणि मी काय करत होते?" रझिया म्हणाली. "तुम्ही तिकडे, मी इकडे. मी कुठल्या जत्रेत होते? मला कधी विचारलंत, रझिया, कंबर कशी आहे?"

"रेंज जातेय," हुसेन म्हणाला. रेंज चांगली होती. एसीची घरघर स्पष्ट ऐकू येत होती, आणि मग ती बंद झाली.

रझियाने स्टूल घेतलं, वर चढली आणि कॅमेरा वायरीसकट उपटून काढला. छताचा पोपडाही आला. तो तिने जुन्या चादरीत गुंडाळून ट्रंकेत टाकला आणि ट्रंकेला कुलूप घातलं.

त्यानंतर पंधरा दिवस घर निवांत होतं. मीठ उजवीकडेच राहिलं. फरशी गार झाली. वास गेला. हुसेनचे फोन यायचे, ती घ्यायची नाही. मेसेज यायचे, चूक झाली, ऐकून तर घे. ती वाचायची आणि क्लासला जायची. पण एक काम तिने केलं. नेत्राला बसवून तिसरं ड्रॉइंग करून घेतलं, साडेछत्तीस, आणि त्याच्यावर स्वतःची सही केली. भागोजी गवंड्याला बोलावलं. भागोजी साठी उलटलेला, शिरगावचा, अर्ध्या रत्नागिरीचे ओटे त्याच्या हातचे. दोन दिवसांत त्याने जुना ओटा फोडून चिरे बाहेर काढले. रझिया पडवीत स्टोव्ह मांडून जेवण करायला लागली. घण पडत होता तेव्हा ती मुद्दाम दारात उभी राहिली. तिला बरं वाटत होतं.

शुक्रवारी सकाळी हुसेन दारात उभा. न कळवता, न सांगता, हातात दोन बॅगा. वाळला होता. डोळ्यांखाली काळं झालं होतं. त्याने बॅगा खाली ठेवल्या आणि रझियाचे दोन्ही हात धरले. असं त्याने कधीच केलं नव्हतं, दारात तर नाहीच.

"चुकलो मी," तो म्हणाला. "तिकडे एकट्याने राहून माणसाचं डोकं फिरतं गो. काहीबाही बोलत बसलो. ओटा तुझ्या मापाचा. शब्द दिलाय ना तुला?"

रझियाने विश्वास ठेवला. तिला तो ठेवायचाच होता. तिने पडवीत घावणे घातले, नारळाचा गोड रस काढला, आणि तो उकिडवा बसून खात असताना त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. त्याने पाच घावणे खाल्ले. रात्री त्याने तिच्या कमरेला मलमसुद्धा चोळलं आणि म्हणाला, "बारका ओटा, एवढासा, कशी काढलीस गो एवढी वर्षं?" तिला पुन्हा रडू आलं, ह्या वेळी सुखाचं.

शनिवारी दहाला भागोजी आला. किचन रिकामं होतं, चारही भिंती उघड्या, फरशीवर सिमेंटची पिठासारखी धूळ. खिडकीतून ऊन आत आलं होतं. रझियाने त्याला सही केलेलं ड्रॉइंग दिलं. भागोजीने ते अदबीने घेतलं, घडी घालून खिशात ठेवलं.

"कागद राहू दे भाभी," तो म्हणाला. "ओट्याचं माप आमी कागदावरून धरीत नाय. माझ्या आज्यापासून ही रीत हाय. बाईनं सुतळीचं एक टोक पायाच्या अंगठ्याखाली धरायचं, सुतळी कोपराशी आणायची, आन् गाठ घरधन्यानं मारायची. गाठीच्या चार बोटं खाली ओटा. मग त्या ओट्यावर कवा कोणाची कंबर दुखली नाय."

रझियाला हे इतकं आवडलं की ती हसली. तिने चपला काढल्या, सलवार घोट्यावर जरा वर घेतली, धुळीत नीट पाय रोवले आणि उजवा हात कोपरात वाकवून उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिचा नवरा तिचं माप घेणार होता.

भागोजीने पिशवीतून नवीन सुतळी काढली, दोन्ही हात पसरून वावभर तोडली आणि हुसेनच्या हातात दिली.

हुसेन सुतळीकडे बघत उभा राहिला. मग तो चालायला लागला. रझियाने अंगठा उचलला, सुतळीसाठी.

तो तिच्या बाजूने पुढे गेला.

"अहो," रझिया म्हणाली.

तो खिडकीखालच्या कोपऱ्यात गेला आणि गुडघे टेकून बसला. अगदी जपून. सुतळीचं टोक त्याने फरशीला टेकवलं, क्षणभर थांबला, आणि बोट काढून घेतलं. टोक जागचं हललं नाही. सुतळी सरळ वर करत त्याने ती ताणली, वरचं टोकही सोडलं, आणि गाठ मारायला दोन्ही हात मोकळे केले.

सुतळी ताठ उभी होती.

रझियाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो खाली नव्हता बघत, समोर बघत होता, हसत होता, हलक्या आवाजात.

"एवढंच ना?" तो म्हणाला. "नीट धर. हां."

कैरीचा चीक. उन्हात, नव्या सिमेंटच्या वासावर चढलेला.

रझियाने भागोजीकडे पाहिलं. तो जाणता माणूस होता, मंत्रतंत्र न मानणारा, उभ्या रत्नागिरीत ज्याचा शब्द चालतो असा. तो ओरडेल, निदान मागे सरकेल, निदान तिच्याकडे बघेल, अशी तिला आशा होती.

भागोजीने कानावरची पेन्सिल काढली. डोळे बारीक करून त्याने खिडकीखाली पाहिलं, आधी खाली, मग वर, मग आणखी थोडं वर. मग त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"वायच बाजूला व्हा भाभी," तो अदबीने म्हणाला. "बाईंच्या उजेडात येताव तुमी."